मोळी पडण्याआधी: पोस्टग्रेसमध्ये आपली भाषा बसवण्याची तयारी

पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायच्या आमच्या धंद्यात जरा उसंत मिळते. गळीत हंगाम संपलेला असतो, वजनकाट्यासमोर ट्रॅक्टरांची रांग नसते आणि गव्हाणीत पुढची मोळी पडायला तीन-चार महिने असतात. ऊसबिलाची सूत्रं लिहायला आम्ही सी मध्ये एक छोटी भाषा केली आहे. ती आजवर डेटाबेसच्या बाहेर चालायची. यंदा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या ऑफिसात बसून ती थेट पोस्टग्रेस या डेटाबेसच्या आत बसवायची आहे. ही यादी आधी टीममधल्या दोघांसाठी लिहिली, मग वाटलं की असं काम अंगावर घेणाऱ्या इतरांनाही ती उपयोगी पडेल.

आधीच सांगतो, भाषा चालती करणं हा सोपा भाग आहे. दोन अधिक दोनचं उत्तर पहिल्या आठवड्यात येतं. पण आत बसलेली भाषा सर्व्हरच्याच प्रोसेसमध्ये चालते, त्याच मेमरीत, त्याच अधिकारांनी. ती चुकली तर घर दुसऱ्याचं पडतं. म्हणून या यादीतला मोठा भाग भाषा चुकेल तेव्हा काय होईल याबद्दल आहे.

सगळ्यात आधी, नव्या भाषेची खरंच गरज आहे का ते तपासा. पीएल/पीजीएसक्यूएल ही पोस्टग्रेसची स्वतःची भाषा २०१० साली आलेल्या ९.० आवृत्तीपासून आपोआप बसलेली असते. टीसीएल, पर्ल आणि पायथन पोस्टग्रेसच्या मूळ वितरणातच येतात. जावा, आर, जावास्क्रिप्ट, लुआ यांच्यासाठी बाहेर तयार केलेली एक्स्टेन्शन्स, म्हणजे वरून बसवायचे जोड, आहेत. यातल्या एकीत काम भागत असेल तर तिथेच थांबा, मन लावून ती शिका. आमचं भागत नाही, कारण सूत्रं शेती विभागातली माणसं लिहितात आणि त्यांना आमची भाषा वाचता येते. एवढं एकच कारण आहे, पण ते पुरेसं आहे.

मशीनची तयारी थोडक्यात. सर्व्हरची जी मुख्य आवृत्ती तीच डेव्हलपमेंटच्या हेडर फाइल्सचीही हवी. दुसऱ्या मुख्य आवृत्तीवर कंपाइल केलेलं मॉड्यूल पोस्टग्रेस लोड करतानाच नाकारतं, आणि ते चांगलंच आहे. मशीनवर दोन आवृत्त्या असतील तर पीजी-कॉन्फिग, म्हणजे पोस्टग्रेस कुठे बसलंय ते सांगणारी कमांड, नेमकी कुठल्या आवृत्तीची उत्तर देतेय ते रोज बघा. शिवाय सोर्सवरून एक वेगळी पोस्टग्रेस बांधून ठेवा, असर्ट (आतल्या जादा तपासण्या) आणि डीबग दोन्ही चालू करून. अशा बिल्डमध्ये मोकळी केलेली मेमरी मुद्दाम खराब केली जाते, त्यामुळे जी चूक एरवी सहा महिने लपली असती ती पहिल्याच फेरीत समोर येते. सोर्समध्येच टेस्ट मॉड्यूल्सच्या फोल्डरात पीएल-सॅम्पल नावाचा नमुना आहे, १४ व्या आवृत्तीपासून. तो छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन वाचा. आम्ही दोन दुपारी त्यात घातल्या, त्या वाया गेल्या नाहीत.

आता मुख्य सांगाडा. नव्या भाषेला सी मध्ये लिहिलेली तीन फंक्शन्स लागतात. पहिलं हँडलर, ते असलंच पाहिजे. भाषेतलं कुठलंही फंक्शन कुणी हाकारलं, म्हणजे कॉल केलं, की पोस्टग्रेस या एकाच दारातून आत येतं. दुसरं इनलाइन हँडलर, ‘डू’ कमांडने तिथल्या तिथे कोड चालवण्यासाठी. तिसरं व्हॅलिडेटर, ते फंक्शन तयार होतानाच त्यातला मजकूर तपासतं. शेवटची दोन ऐच्छिक आहेत, पण व्हॅलिडेटर सोडू नका. सूत्रातला कंस सुटलाय हे शेती विभागातल्या माणसाला लिहितानाच कळायला हवं, बिल काढायच्या रात्री नव्हे. एक बारकी गोष्ट: डंप, म्हणजे डेटाबेसचा फाइलीत काढलेला बॅकअप, परत भरताना फंक्शनचा मजकूर तपासू नका अशी सेटिंग पोस्टग्रेस लावतं, कारण ज्या टेबलांवर फंक्शन अवलंबून आहे ती तेव्हा अजून तयार झालेली नसतील. व्हॅलिडेटरने ही सेटिंग पाळलीच पाहिजे, नाहीतर बॅकअप परत चढणार नाही.

हँडलरला फंक्शनचा ओआयडी, म्हणजे पोस्टग्रेसमधला ओळख क्रमांक, मिळतो, त्यावरून पीजी-प्रॉक या कॅटलॉगमधून (सगळ्या फंक्शन्सची नोंद असलेल्या पोस्टग्रेसच्या टेबलातून) मूळ मजकूर, आर्ग्युमेंटचे आणि उत्तराचे टाइप काढायचे. दर वेळी पार्स करणं, म्हणजे मजकूर फोडून समजून घेणं, परवडत नाही म्हणून आपण पार्स झालेलं रूप साठवून ठेवतो, आणि इथेच खड्डा आहे. ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ने फंक्शन बदललं तरी ओआयडी तोच राहतो. फक्त ओआयडीवर कॅश ठेवला तर आधीपासून उघड्या असलेल्या कनेक्शन्सवर जुनंच सूत्र चालत राहतं. म्हणजे नवा दर लावल्यावर एका टेबलावरचा क्लार्क नव्या दराने बिल काढतोय आणि शेजारचा जुन्या. म्हणून पीजी-प्रॉकमधल्या त्या ओळीचा ट्रान्झॅक्शन क्रमांक आणि तिची जागा या दोन्हीही सोबत साठवा आणि प्रत्येक वेळी ताडून बघा. पर्ल, पायथन आणि पीएल/पीजीएसक्यूएल तिघंही हेच करतात. हँडलरला ट्रिगर म्हणूनही, म्हणजे टेबलात बदल झाला की आपोआप, बोलावलं जाऊ शकतं. आमच्या भाषेत ट्रिगर नकोत हे ठरलं आहे, पण तसं कुणी केलं तर स्वच्छ शब्दांत नकार देणारी ओळ लागतेच.

पुढचा निर्णय कागदावर लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन करा, तो म्हणजे भाषा ‘ट्रस्टेड’ ठेवायची की नाही. ट्रस्टेड म्हणजे ज्याला त्या भाषेचा वापर दिलाय असा कुणीही साधा युजर तिच्यात फंक्शन लिहू शकतो. अनट्रस्टेड असेल तर फक्त सुपरयुजर. पोस्टग्रेस इथे आपल्या शब्दावर विसंबतं. आपण ट्रस्टेड म्हटलं की ते मानतं, स्वतः काही तपासत नाही. आणि सर्व्हरची प्रोसेस डेटाबेसच्या सगळ्या फाइल्स वाचू-लिहू शकते, म्हणजे भाषेला फाइल उघडता आली की सगळ्या परवानग्या निरर्थक झाल्या. पायथनचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. पूर्वी ती पोस्टग्रेसमध्ये ट्रस्टेड होती. पायथनने स्वतःच कोंडून चालवायची सोय असुरक्षित म्हणून काढून टाकली, आणि २००३ सालच्या ७.४ आवृत्तीपासून ती फक्त अनट्रस्टेड राहिली. पर्लच्या दोन्ही जाती आहेत, कारण तिथे धोकादायक क्रिया बंद करता येतात. माझं मत असं की धोकादायक गोष्टी अडवण्यापेक्षा त्या भाषेत नसाव्यातच. म्हणून इंटरप्रिटरमधल्या प्रत्येक बिल्ट-इन फंक्शनची यादी काढा. आमच्या यादीत फाइल वाचणारं एक फंक्शन निघालं, कधीतरी दराचा तक्ता वाचायला घातलेलं. ते काढून टाकलं. तरीही पहिला हंगाम आम्ही अनट्रस्टेडच चालवणार आहोत.

यानंतर टाइप्स. इथे घाई करू नका, कारण इथली चूक कधी ओरडत नाही. आमच्या भाषेत सगळे आकडे डबल, म्हणजे दशांश जवळपासच साठवणाऱ्या टाइपचे, होते. आता एफआरपी, म्हणजे केंद्र सरकार ठरवतं तो उसाचा किमान दर, बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये, वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त. समजा उतारा १०.८५ आला. फरक ०.६, म्हणजे सहा टप्पे, दर ३७५.७६. पण डबलमध्ये १०.८५ नेमका साठत नाही, किंचित कमी साठतो. त्यातून १०.२५ वजा करून ०.१ ने भागलं की ६ च्या जागी ५.९९९ असं काहीतरी येतं. पूर्ण टप्पे मोजायचे म्हणून कुणी खालच्या पूर्णांकावर आणलं तर पाचच टप्पे उरतात आणि दर ३७२.३० होतो. टनामागे ३४ रुपये ६० पैसे गेले. साठ टन ऊस घातलेल्या शेतकऱ्याचे २,०७६ रुपये गेले, आणि कुठेही एरर नाही. हे मला शांतपणे लिहिता येत नाही, कारण त्या बिलामागे वर्षभराचं पाणी, खत आणि घाम असतो. पोस्टग्रेसचा न्यूमरिक टाइप हेच गणित अचूक करतो. तेव्हा आपल्या भाषेत न्यूमरिक हा न्यूमरिकच राहिला पाहिजे, बेरीज-भागाकारासाठी पोस्टग्रेसचीच फंक्शन्स बोलवा. वेग थोडा कमी होईल, होऊ द्या. डबलमध्ये ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पलीकडचा प्रत्येक पूर्णांकही नेमका मावत नाही, म्हणून मोठ्या पूर्णांकांनाही वेगळी वाट ठेवा.

नल, म्हणजे मूल्य माहीतच नाही अशी खूण, तिचा प्रश्न याच घरातला. उतारा अजून जाहीर झालेला नाही म्हणजे नल, शून्य नव्हे. साडेनऊ टक्क्यांच्या खालच्या उताऱ्याला २०२५-२६ च्या हंगामासाठी ३२९.०५ रुपये हा किमान दर ठरला होता. नलला शून्य समजलात तर सूत्र निमूटपणे तो किमान दर देतं, आणि तो आकडा इतका ओळखीचा असतो की कुणाला शंकाही येत नाही. प्रत्येक आर्ग्युमेंटसोबत नलची खूण येते, ती वाचल्याशिवाय मूल्याला हात लावू नका. फंक्शन ‘स्ट्रिक्ट’ असेल तर नल आल्यावर पोस्टग्रेस ते हाकारतच नाही, थेट नल परत देतं.

अक्षरांचंही पाहून घ्या. यूटीएफ-८ डेटाबेसमध्ये ‘कोल्हापूर’ या शब्दाची लांबी पोस्टग्रेस ९ सांगतं, बाइट मोजले तर २७ भरतात, आणि आपण वाचतो ती अक्षरं चारच. आपली भाषा बाइट मोजत असेल आणि शेतकऱ्याचं नाव वीसवर कापत असेल तर मधल्याच बाइटवर कात्री बसते. असा तुटका मजकूर डेटाबेसमध्ये परत पाठवण्याआधी एन्कोडिंग तपासून घ्या.

आता एरर. पोस्टग्रेस एरर आली की लाँग-जंप मारून, म्हणजे मधली सगळी फंक्शन्स ओलांडून, थेट वरच्या पकडणाऱ्या जागी जातं. आपला इंटरप्रिटर मधे उभा असेल तर त्याला काही कळत नाही, त्याचा स्टॅक अर्धवट राहतो आणि पुढच्या हाकेला तो भलतंच बोलतो. म्हणून नियम असा की सीमा ओलांडताना दोन्ही बाजूंनी एरर पकडायची. पोस्टग्रेसची ‘ट्राय-कॅच’ मॅक्रोत पकडून आपल्या भाषेच्या एररमध्ये बदलायची, आपली एरर नीट वर आणून पोस्टग्रेसच्या पद्धतीने फेकायची. भाषेतून एसपीआय (सर्व्हरच्या आतून क्वेरी चालवायची पोस्टग्रेसची सोय) वापरून क्वेरी चालवत असाल आणि एरर पकडून पुढे जायची मुभा देणार असाल, तर ती क्वेरी सबट्रान्झॅक्शनमध्येच, म्हणजे वेगळ्या मागे घेता येणाऱ्या तुकड्यात, चालवा आणि चुकली की ती मागे घ्या. नुसतं पकडून पुढे चालत राहणं चालत नाही. मागच्या महिन्यात चाचणीच्या सर्व्हरवर आमच्याकडून एक रिकामा पॉइंटर वापरला गेला. पडली एकच प्रोसेस, पण शेअर्ड मेमरी बिघडली असेल या शंकेने पोस्टग्रेसने बाकीचीही सगळी कनेक्शन्स तोडली आणि रिकव्हरी सुरू केली. हेच हंगामात घडलं असतं तर काट्यावर भरलेले ट्रॅक्टर थांबले असते. त्या दिवसापासून सी चा प्रत्येक बदल दोघांनी वाचल्याशिवाय आत घेत नाही.

मेमरीसाठी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पद्धत उचला. तिथे ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. इंटरप्रिटरची मेमरी पोस्टग्रेसच्या मेमरी कॉन्टेक्स्टमधून (एकदम मोकळ्या करता येणाऱ्या मेमरीच्या कप्प्यातून) द्या आणि तिलाही दोन पातळ्या ठेवा, पहिलीला लॉगमध्ये नोंद, दुसरीला एरर. एका हाकेपुरतं जे लागतं ते त्या हाकेच्या कॉन्टेक्स्टमध्ये, कॅश तेवढा दीर्घायुषी कॉन्टेक्स्टमध्ये. उलटं झालं तर पाणी दिवसभर चढत राहतं. भाषेतल्या प्रत्येक लूपमध्ये इंटरप्टची, म्हणजे थांबायचा निरोप आलाय का याची, तपासणीही घाला. ती नसेल तर वेळमर्यादा लावूनही न संपणारा लूप थांबत नाही, कारण थांबायचा निरोप वाचायला कुणी उभंच राहत नाही.

पॅकिंग सोपं आहे: कंट्रोल फाइल, आवृत्ती नावात असलेली एसक्यूएल स्क्रिप्ट, मेकफाइल. पण एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. डंपमध्ये एक्स्टेन्शनचं फक्त नाव जातं, कंपाइल केलेली लायब्ररी जात नाही. स्टँडबाय, म्हणजे मुख्य बंद पडला तर उभा राहणाऱ्या राखीव, सर्व्हरवरही ती आपोआप पोचत नाही. जिथे जिथे हा डेटाबेस उभा राहू शकतो, त्या प्रत्येक मशीनवर ती आधी बसवा आणि स्टँडबायवर एक सूत्र प्रत्यक्ष चालवून बघा.

चाचण्या पोस्टग्रेसच्या रिग्रेशन पद्धतीनेच लिहा, एका फोल्डरात प्रश्न, दुसऱ्यात अपेक्षित उत्तरं. वर जे जे खड्डे सांगितले त्या प्रत्येकाची एक चाचणी हवी, १०.८५ ची सगळ्यात आधी. मग मागच्या हंगामातली चुकती झालेली सगळी बिलं नव्या भाषेतून पुन्हा काढा आणि ओळीला ओळ लावून बघा. जिथे पैशाचा फरक येईल तिथे कोण बरोबर ते हाताने गणित करून ठरवा. जुनंही चुकलेलं असू शकतं, आणि तसं निघालं तर ते कारखान्याला सांगावं लागेल, याचीही मनाची तयारी ठेवा.

शेवटी परतीची वाट. भाषेत फंक्शन्स असतील तर पोस्टग्रेस एक्स्टेन्शन काढू देत नाही, आणि ‘कॅस्केड’ म्हटलं तर ती सगळी फंक्शन्सही घेऊन जातं. म्हणून या भाषेतल्या फंक्शन्सची यादी कॅटलॉगमधून काढणारी क्वेरी तयार ठेवा. पीएल/पीजीएसक्यूएलमधली जुनी सूत्रं वेगळ्या स्कीमात पूर्ण हंगाम जिवंत ठेवा. आणि नव्यावरून जुन्यावर परत येण्याची रंगीत तालीम दसऱ्याच्या आत एकदा घड्याळ लावून करा. आमची तारीख ठरली आहे, रविवार आहे, दोघांनीही घरी सांगून ठेवलंय.