केनियाचा चहा: गरम आणि गार

आमच्या शहापुरात चहा म्हणजे दूध, साखर, आलं. त्यामुळे भाच्यानं नैरोबीहून आणलेल्या केरिचोच्या पुड्याला घरात आधी कुणी हातच लावेना. केरिचो हा केनियातला डोंगराळ, चहामळ्यांचा भाग. तिथली पूड बहुतेक सीटीसी, आपल्या नेहमीच्या चहासारखी दाणेदार. रंग भराभर सुटतो.

पहिल्यांदा कोराच प्या की ओ! सपाट चमचाभर, म्हणजे दोनेक ग्रॅम पूड कपात घाला, उकळी फुटलेलं पाणी वरून ओता, झाकण ठेवा. 3 मिनिटांनी गाळा. पातेल्यात खळाखळा उकळत बसू नका, नुसता तुरटपणा वर येतो. बोअरचं जड पाणी तर नकोच. चव बसते आणि वर तवंग धरतो. रंग तांबूस, लखलखीत दिसला पाहिजे. जरा निवला की चमच्यानं मोठ्यानं भुरका मारा, लाजू नका. चहा पारखणारे असंच करतात, हवेबरोबर वास नाकापर्यंत चढतो. जिभेच्या कडांना चुरचुर लागेल, ती हवीच.

गार करायचा तर लिटरभर फिल्टरच्या पाण्यात 10 ग्रॅम पूड टाकून 6 ते 8 तास फ्रिजमध्ये ठेवा, मग फडक्यातून गाळा. गरम केलेला कडक चहा फ्रिजमध्ये गढूळतो, कारण त्यातलं कॅफिन आणि टॅनिन एकमेकांना धरून बसतात. हा मात्र नितळ राहतो, तुरटही कमी. लिंबू चालेल, दूध नाही. सोबत कुंदा, म्हणजे आपली खव्याची मिठाई, असेल तर साखर मुळीच घालू नका.