छताचे दिवे घेताना या चुका टाळा: लावणारा निघून जातो, दिवा तुमच्याकडे राहतो

मी वायरमन आहे. पुण्यात 22 वर्षं घरांचं वायरिंग करतोय. अलीकडे माझं निम्मं काम नवे दिवे लावण्याचं नाही, बंद पडलेले काढण्याचं आहे. पूर्वी बल्ब गेला तर घरातलं दहावीतलं पोरगं स्टुलावर चढून बदलायचं. आता दिवा गेला की आधी मला फोन, मग पीओपीवाल्याला, मग रंगाऱ्याला. दिवा तीन-चारशे रुपयांचा आणि मजुरी तिघांची.

दुकानात लोक तीन गोष्टी विचारतात: किती वॅट, केवढ्याला, वॉरंटी किती. हा बंद पडला की यातलं नेमकं काय बदलायचं आणि ते कुठे मिळेल, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, ‘अहो साहेब, 25,000 तास चालतो, बघायलाच नको!’

त्या 25,000 तासांचं आधी सांगून टाकतो. रोज पाच तास धरले तर हिशेब तेरा वर्षांच्या पुढे जातो. पण तो आकडा आतल्या एलईडीच्या दाण्यांचा असतो, त्यांचा उजेड हळूहळू उतरून सत्तर टक्क्यांवर यायला लागणारा काळ. दाणे सहसा आधी मरतच नाहीत. आधी मरतो ड्रायव्हर, म्हणजे 230 व्होल्टचं दाण्यांना झेपेल असं करून देणारी ती पांढरी डबी. तिच्यातला कपॅसिटर उष्णतेने सुकतो. शेवटच्या मजल्यावर, मे महिन्यात, स्लॅब आणि पीओपीच्या मधल्या बंद पोकळीत ती डबी रोज भाजून निघते. तेरा वर्षं कुठली काढणार?

भोकाचं माप न बघता दिवा घेणं

हे माझं दुखरं ठिकाण आहे, तेव्हा जरा सविस्तर.

पीओपीत बसणारा पॅनेल लाईट म्हणजे काय, तर छताला गोल भोक पाडायचं, ड्रायव्हरची जोडणी करायची आणि दोन स्प्रिंगच्या क्लिपा दाबून दिवा वर ढकलायचा. त्या भोकाला आम्ही कटआऊट म्हणतो. ‘12 वॅटचा गोल पॅनेल द्या’ म्हटलं की ग्राहकाला वाटतं, 12 वॅटचे सगळे एकाच मापाचे. तसं नसतं. एकाचा कटआऊट 150 मिलीमीटर, दुसऱ्याचा 155, तिसऱ्याचा आणखी वेगळा. दिव्याची बाहेरची कड भोकापेक्षा जेमतेम सात-आठ मिलीमीटर पुढे आलेली असते. तेवढ्यावरच तो छताला टेकून राहतो.

सिंहगड रस्त्यावर एका काकूंचा फ्लॅट होता. हॉलमध्ये 12 दिवे. मुलाने ऑनलाईन सेलमध्ये घेतले होते, कड जवळजवळ न दिसणारे, फोटोत फार सुंदर. खोक्यावर कटआऊट 175 होता. मी मुकाट्याने होल-सॉ लावला आणि दिवसभरात बारा भोकं पाडली. तेव्हा मीही काही विचारलं नाही, त्यामुळे पुढच्या गोष्टीत दोष माझाही आहे.

एक वर्ष आठ महिन्यांनी तीन दिवे गेले. वॉरंटी दोन वर्षांची, त्यामुळे मुलगा खूश. तक्रार केली तर ते मॉडेल बंद झालेलं. बदल्यात ‘समतुल्य’ दिवे आले, वॅट तेवढेच, उजेड तेवढाच. मी शिडीवर चढून पहिला दिवा भोकात ढकलला आणि तो सरळ वर पीओपीच्या पोकळीत गेला. बाहेरची कडच 170 ची होती! वायरला धरून खाली ओढला.

तीन आठवडे शोधलं. विजेच्या सामानाची तपकीर गल्ली पालथी घातली, एका ओळखीच्याला मुंबईत तशाच लोहार चाळीत पाठवलं. 175 च्या भोकाला झाकेल असा दिवा मिळाला नाही. शेवटी एक माप मोठे, 18 वॅटचे दिवे घ्यायचे आणि भोकं 205 ची करायची असं ठरलं. सुकलेल्या पीओपीत असलेलं भोक मोठं करणं म्हणजे कडक भाकरीचा काठ कात्रीने कापण्यासारखं. होल-सॉला मधोमध धरायला काही उरलेलं नसतं, म्हणून पात्याने कापावं लागतं. दुसऱ्याच भोकाला तडा गेला तो थेट कोपऱ्यातल्या कोव्हपर्यंत, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेपर्यंत. मग पुट्टी, मग रंग. रंगाचा ठिगळ दिसायला लागला म्हणून अख्ख्या हॉलचं छत रंगवलं. आणि तीन दिवे मोठे, नऊ लहान कसे ठेवणार? बाराच्या बारा बदलले. काकू सोफ्यावरचं प्लास्टिक सारखं करत म्हणाल्या, ‘अहो, आमच्या सासूबाईंनी आख्ख्या हयातीत घराला दोनदा रंग दिला. तुम्ही एका दिव्यापायी दिलात.’

तेव्हापासून माझी सवय अशी आहे. दिवा पसंत पडला तरी भोक पाडण्याआधी दुकानात आणखी दोन कंपन्यांची खोकी मागवतो आणि त्यांच्यावरचा कटआऊट वाचतो. तिघांना चालेल असं एक माप निघालं तरच तो दिवा. नाही निघालं तर कितीही सुंदर असो, परत. आणि शंका असेल तर भोक लहानातलं लहान, कारण ते पुढे वाढवता येतं, कमी करता येत नाही. हल्ली सरकत्या क्लिपांचे पॅनेल मिळतात, त्यांची कड रुंद आणि क्लिपा आत-बाहेर होतात. जुन्या, वेड्यावाकड्या भोकांवर तेच औषध आहे. दिसायला जरा ढोबळ आहेत, पण काकूंच्या वेळी माझ्याकडे असते तर मी पाया पडलो असतो.

शिवाय त्याच वेळी, त्याच खोक्यातले दोन दिवे जास्तीचे घ्या आणि माळ्यावर ठेवा. खोक्यावर 4000 केल्विन (हा उजेडाच्या छटेचा आकडा) लिहिलेलं असलं तरी दोन वर्षांनी आलेल्या मालाचा पांढरा थोडा निळसर किंवा पिवळसर निघतो, आणि बारा दिव्यांच्या रांगेत तो एकच डोळ्यात खुपतो. मी प्रत्येक पॅनेलच्या पाठीवर मार्करने तारीख, कटआऊट आणि केल्विन लिहितो. बिलाचा फोटो काढून ठेवतो, कारण बिलावरची शाई वॉरंटीच्या आधी उडते.

ड्रायव्हर छतात पुरणं

ही दुसरी. यात इंटेरिअरवाल्यांचा हात मोठा.

रीलमध्ये बघून सगळ्यांना छतात उजेडाच्या रेघा हव्या असतात: ॲल्युमिनियमचं प्रोफाईल, आत एलईडीची पट्टी. ती पट्टी 12 किंवा 24 व्होल्टवर चालते आणि तिला जाडजूड ड्रायव्हर लागतो. काम करताना छत उघडं असतं, म्हणून ड्रायव्हर तिथेच सांगाड्यावर ठेवून देतात. मग पीओपीवाला येतो, छत बंद करतो, रंगारी येतो, वास्तुशांत होते. दोन वर्षांनी रेघ विझते. ड्रायव्हर कुठे आहे? कुणालाच आठवत नाही. एका घरी मी छताला कान लावून ऐकत बसलो होतो, कारण मरता मरता तो ड्रायव्हर चिरचिरत होता. आवाजाच्या अंदाजाने भोक पाडलं, दीड फूट चुकलं. दुसरं पाडलं, तेव्हा सापडला.

ड्रायव्हर हाताला लागेल अशाच जागी ठेवायचा. मला सगळ्यात आवडतो तो कपाटावरचा माळा. तिथे हवा असते आणि स्टुलावरून हात पोचतो. फक्त 12 व्होल्टची वायर फार लांब नेली तर पट्टीचा उजेड मंदावतो, म्हणून 24 व्होल्टची पट्टी घ्या आणि वायर जाड वापरा. माळा जवळ नसेल तर छताला फूटभराची झडप ठेवा. इंटेरिअरवाला म्हणेल, झडपेने लूक जातो. त्याला विचारा, दोन वर्षांनी फोन उचलणार का? आणि छत बंद होण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, भिंतीपासून मेजरिंग टेप लावून. फुकटचं काम आहे, तरी दहातले नऊ जण करत नाहीत, कारण तोवर सगळ्यांना राहायला जायची घाई झालेली असते.

बाकीच्या, थोडक्यात

जिन्यावरच्या दुमजली उंचीवर झुंबर लावू नका. तिथे भिंतीवर, हात पोचेल असा दिवा लावा.

ड्रायव्हर दिव्यातच चिकटवलेला असेल, तर ती वस्तू दुरुस्त होणार नाही असं धरूनच घ्या. बाल्कनीत किंवा न्हाणीघरात, भोक न पाडता छतावर साध्या स्क्रूने बसणारा असेल तर चालेल, कारण अख्खा बदलणं पाच मिनिटांचं काम आहे.

उघड्या घुमटाचा दिवा गॅलरीत नको. पहिल्या पावसातच आत किड्यांचा थर बसतो.

पिनाच्या होल्डरला हसणं

गिऱ्हाईक नाक मुरडतं, पण माझ्या घरी खोल्यांमध्ये काचेचे घुमट आहेत आणि आत साधा पिनाचा होल्डर. 2015 मध्ये उजाला योजना आली तेव्हा वीजबिल दाखवून एलईडी बल्ब घ्यायला लोक रांगा लावत होते. आज 9 वॅटचा पिनाचा बल्ब किराणा दुकानात बिस्किटांच्या शेजारी मिळतो. हीच त्याची ताकद. आट्यांचा होल्डर सुंदर परदेशी दिव्यांत येतो, त्याचे बल्बही मिळतात, पण रात्री साडेनऊला कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतीलच असं नाही.

एकच सांभाळा. बंद घुमटात 20 वॅटचा बल्ब कोंबू नका, तापून मरतो. दोन होल्डरचा घुमट घ्या आणि 9-9 चे दोन लावा. एक गेला तरी खोलीत अंधार होत नाही.

दिवा बंद पडलाच तर

दिवा गेला म्हणजे अख्खा पॅनेल गेला असं धरून लोक नवा आणतात. आधी शेजारचा त्याच मापाचा चालू दिवा उतरवा आणि त्याचा ड्रायव्हर बंद दिव्याला लावून बघा. लागला तर दिवा ठीक आहे, फक्त ड्रायव्हर आणा. ड्रायव्हर आणताना नुसतं ‘12 वॅटचा द्या’ म्हणू नका. जुन्याच्या पाठीवर आउटपुटचे मिलीॲम्पिअर आणि व्होल्टची मर्यादा लिहिलेली असते, उदाहरणार्थ 300 मिलीॲम्पिअर, 30 ते 42 व्होल्ट. मिलीॲम्पिअर तेवढेच हवेत, आणि दिव्याला लागणारे व्होल्ट नव्याच्या मर्यादेत बसायला हवेत. सगळ्यात बरं म्हणजे जुनी डबी खिशात घालून दुकानात जा.

मधला छोटा कनेक्टर जुळत नाही म्हणून तो कापून वायरी पिळून टेप गुंडाळणाऱ्यांचा मला राग आहे. पुढच्या वेळी मीच ते सोडवत बसतो. दहा-वीस रुपयांचा खटक्याचा कनेक्टर लावा. आणि लाल-काळी उलटी जोडली तर एलईडी लागत नाही. तेवढ्यावरून ‘माल खराब दिला’ म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

चढण्याआधी नुसतं बटण बंद करू नका, एमसीबी पाडा आणि तरी टेस्टर लावा. कितीतरी जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलेलं असतं. म्हणजे दिवा बंद, वायर जिवंत. त्याची एक खूण आहे: रात्री बटण बंद केल्यावरही एलईडी मंद, भुतासारखा उजळत राहतो. निऑनच्या लुकलुकत्या बटणामुळेही तसं होतं, पण आधी न्यूट्रलचा संशय घ्या आणि वायरमनला बोलवा. दिवा बदलून ते जात नाही. एका दादांनी चार दिवे बदलले होते, चारही उजळत होते, आणि ते मला वास्तुदोषाबद्दल विचारत होते.

क्लिपा दाबताना बोटं सांभाळा, उंदराच्या सापळ्यासारख्या मिटतात. पांढऱ्या छताला हात लावण्याआधी हातमोजे घाला, नाहीतर घरच्या बाईसाहेब तुमचे ठसे दिवाळीपर्यंत दाखवत राहतील.

माझ्या बहिणीने कोकणातल्या घरी मुंबईहून एक गोल वलयाचा दिवा नेला होता, रिमोटवर तीन रंग बदलणारा. जुलैत वीज ये-जा करायला लागली आणि तो गेला. गावात ड्रायव्हर कुठला? दहा महिने तो तसाच लटकत होता आणि खाली टेबलावर चार्जिंगचा दिवा. मे महिन्यात गेलो तेव्हा मी तो उतरवला, पिनाचा होल्डर आणि काचेचा घुमट बसवला, भाच्याला नाक्यावर पाठवून बल्ब आणला. बहीण खालून बघत होती. म्हणाली, ‘दिसायला तो जुनाच बरा होता रे.’ ते खरं आहे.