अफगाण हाउंडच्या कानामागच्या जटा अखेर सुटल्या

बडोद्यात पावसाळा लागला की आमच्या अफगाण हाउंड जातीच्या लांब केसाळ कुत्र्याच्या कानामागे, काखेत जटा व्हायच्या. शाम्पू बदलले, खोबरेल चोळलं. एका ग्रूमरने (कुत्र्यांचे केस विंचरून-कापून देणाऱ्याने) थेट कातरच लावली. जीव मेटाकुटीला आला होता.

लागू पडलं ते असं. अंघोळीआधी, कोरड्या गाठीत चिमूटभर कॉर्नफ्लोर चोळायचं. गाठ बोटांनी उभी फोडायची. मुळाशी केस चिमटीत धरायचे, म्हणजे कातडी ओढली जात नाही. स्टीलच्या कंगव्याने आधी टोकं विंचरायची, मग हळूहळू मुळाकडे सरकायचं. गाठ भिजली की आवळते, म्हणून पाणी त्यानंतरच. शाम्पू वरून खाली निथळवायचा, चोळायचा नाही. मग कंडिशनर, टॉवेलने नुसतं टिपणं, आणि ड्रायरच्या थंड झोतात विंचरत मुळापर्यंत वाळवणं. यात घाई नको; दमट हवेत मुळं ओली राहिली की जटा परत. जेवताना लांब कान अन्नात लोळतात, तेव्हा कापडी टोपरं बांधतो.