वाडीत एक तासाचा अंधार कसा करावा

बहुधा मार्चच्या अखेरच्या शनिवारी रात्री 8.30 ते 9.30 या वेळेत दिवे मालवण्याचा ‘अर्थ अवर’ हा उपक्रम 31 मार्च 2007 रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात सुरू झाला आणि 2009 पासून भारतातही पाळला जाऊ लागला. त्याच्या म्हणून ज्या सूचना दर वर्षी व्हॉट्सॲपवर फिरतात, त्या शहरातील सोसायट्यांसाठी लिहिलेल्या असतात. कोकणातील किनाऱ्यालगतच्या वाडीत त्यांतील निम्म्या निरुपयोगी आणि एकदोन चक्क धोक्याच्या ठरतात.

तारीख ठरवण्याआधी पंचांग पाहावे. 2024 मध्ये अर्थ अवर 23 मार्चला होता आणि दुसऱ्याच दिवशी होळी. पालखी घरोघर फिरत असताना दिवे घालवा म्हणून सांगायला जाऊ नये. मानकऱ्यांना विचारून गावाने आपला शनिवार आठवडाभर पुढे ढकलावा, त्याने काही बिघडत नाही.

घरोघरी सांगण्याचे काम बचत गटातील महिलांकडे सोपवावे. दिवेलागणीनंतर घरात अंधार नको, असे वडीलधारी माणसे म्हणतील. त्यांच्याशी वाद न घालता देवापुढची समई आणि तुळशीपुढची पणती तेवत राहू द्यावी. मेणबत्त्यांचे गठ्ठे मात्र विकत आणू नयेत, कारण बाजारातले मेण बहुधा खनिज तेलापासूनच काढलेले असते.

खरी परीक्षा रस्त्यावरच्या दिव्यांची असते आणि मला सर्वाधिक त्रास याच टप्प्याने दिला आहे. ‘डीपीवरूनच लाइट घालवू, एका झटक्यात काम होईल,’ असे सुचवणारा उत्साही तरुण प्रत्येक वाडीत असतो. त्याचे अजिबात ऐकू नये. डीपीला, म्हणजे वाडीला वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला, हात लावण्याचा अधिकार फक्त वीज कंपनीच्या माणसाला असतो, आणि तो तयार झाला तरी आपण नको म्हणावे. कारण डीपी बंद होताच नळपाणी योजनेचा पंप, बांगड्याने भरलेला फ्रीजर आणि एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी चालणारे ऑक्सिजनचे यंत्र हे सारे दिव्यांबरोबरच बंद पडते. शिवाय तासाभराने वीज परत येते तेव्हा वाडीतले सगळे फ्रीज आणि पंप एकाच क्षणी सुरू होऊ पाहतात, फ्यूज उडतो आणि एका तासाचा अंधार रात्रभराचा होतो.

त्याऐवजी आठवडाभर आधी ग्रामपंचायतीच्या शिपायाला बरोबर घेऊन संध्याकाळी प्रत्येक खांबापाशी जावे. काही वाड्यांत पथदिव्यांची तार वेगळी असते आणि तिचा स्विच एकाच पेटीत असतो, तर काही ठिकाणी प्रत्येक खांबावर वेगळा स्विच असतो; कोणता दिवा कुठून बंद होतो, हे वहीत लिहून घ्यावे. खांबांना क्रमांक नसतील तर रंगाने टाकावेत. घाटीच्या वळणावरचा, साकवाजवळचा आणि दवाखान्यासमोरचा दिवा चालूच ठेवावा. जेटीवरच्या आणि बंदराची वाट दाखवणाऱ्या दिव्यांचा तर विषयही काढू नये, कारण त्या वेळी होड्या परतत असतात. यादीवर सरपंचांची सही घ्यावी. नंतर कोणी ठेचकाळले तर ती कामाला येते.

आणखी एक अफवा दर वर्षी येते, की सगळ्यांनी एकदम दिवे घालवले तर ग्रीड, म्हणजे देशभराचे वीजजाळे, कोसळेल. 5 एप्रिल 2020 रोजी रात्री 9 वाजता देशभर नऊ मिनिटे घरांतले दिवे मालवले गेले, तेव्हा मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटने घटली होती. जलविद्युत केंद्रांनी तो चढउतार सांभाळला आणि ग्रीडला काही झाले नाही. तुमच्या वाडीची ती काय कथा!

रिसॉर्टवाल्यांना गाठताना वीजबचतीचे गणित मांडू नये. एका तासात वाचणारी वीज नगण्यच असते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास, आंजर्ले भागात मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले बाहेर पडण्याचा हंगाम असतो. वाळूतून वर आलेले पिल्लू उजेडाच्या रोखाने चालू लागते आणि बीचकडे तोंड केलेला हॅलोजन त्याला समुद्राऐवजी माडांच्या बागेकडे ओढून नेतो. कासवे पाहायला येणाऱ्या पर्यटकांवर ज्यांचे पोट आहे, त्यांना ही गोष्ट लवकर पटते. जनरेटरवर रोषणाई चालू ठेवणारा एखादा निघतोच, त्याच्याकडे सरपंचांनाच पाठवावे.

अंधार झाला की मंडळींना देवळाच्या सभामंडपात बसवावे, पण भाषण ठेवू नये. 3 जून 2020 रोजी श्रीवर्धनजवळ धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर आठवडेच्या आठवडे विजेविना काढलेली माणसे समोर असतात. त्यांना अंधाराचे कौतुक सांगायला जाऊ नये, त्यांनाच आधी बोलू द्यावे. मग वही काढून त्यांच्यापुढे एकच प्रश्न ठेवावा: यांपैकी कोणते दिवे कायमचे बंद करता येतील आणि कोणत्यांचे तोंड जमिनीकडे वळवता येईल? उत्तर पुढच्या ग्रामसभेत ठराव म्हणून मांडावे आणि त्यात खांबांचे क्रमांक घालावेत. ‘अनावश्यक दिवे बंद करावेत’ एवढेच मोघम लिहिले, तर प्रत्येकाच्या दारातला दिवा आवश्यकच निघतो.