लहान रानासाठी ट्रॅक्टर: दुकानात जाण्याआधीची तयारी

किती एचपीचा घ्यायचा, हे सगळ्यात शेवटी ठरवायचं. त्याआधी एक वही, एक मोजपट्टी आणि एक मोकळी दुपार लागते.

वहीत वर्षभराची कामं लिहून काढा आणि प्रत्येकासमोर अंदाजे तास मांडा. नांगरट, रोटाव्हेटर, फवारणी, आंतरमशागत, गवत कापणं, खत-माती वाहणं, सगळं. लहान रानात बहुतेकदा असं दिसतं की सगळ्यात जड काम दोन दिवसांत उरकतं आणि बाकीचे तास हलक्या, अडचणीतल्या कामांत जातात. त्या दोन दिवसांसाठी मोठं धूड वर्षभर पोसण्यापेक्षा नांगरट भाड्याने करून घेतलेली बरी, असं माझं मत. भाड्याचा ट्रॅक्टर वाफशावर मिळतच नसेल तर गोष्ट वेगळी.

मग मोजपट्टी घेऊन बाहेर पडा. फाटक, पाणंदीचा सगळ्यात अरुंद भाग, झाडांच्या दोन ओळींतलं अंतर, खाली लोंबणाऱ्या फांद्या आणि शेताच्या टोकाला वळायला सुटलेली जागा मोजा. ट्रॅक्टरची रुंदी घेताना मागच्या चाकांची बाहेरची कड आणि अवजार यांतलं जे जास्त असेल ते धरा. लांबीतही मागे जोडलेलं अवजार धरायचं. शेडच्या दाराची उंची विसरू नका. मी रुंदी दोनदा मोजली होती, उंची एकदाही नाही. सीटमागची सुरक्षा कमान चौकटीला अडली तेव्हा ते लक्षात आलं. ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवते ती हीच कमान, सीटबेल्ट लावलेला असेल तर. त्यामुळे ती काढून ठेवायचा विचार मनात आणू नका; दुमडणारी मिळते, पण तीही काम करताना उभीच हवी.

आता ताकद. कागदावरचा एचपी हा इंजिनाचा आकडा असतो. पीटीओपर्यंत, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या दांड्यापर्यंत, पोचेस्तोवर त्यातला साधारण १० ते २० टक्के वाटेत खर्च होतो, म्हणून दोन ट्रॅक्टरांची तुलना पीटीओ एचपीवर करा. मध्यम जमिनीत रोटाव्हेटरला रुंदीच्या दर फुटामागे इंजिनाचे ७ ते ८ एचपी धरले तर ४ फुटी रोटाव्हेटरला ३० च्या आसपास लागतात, ५ फुटीला ४० च्या आसपास. हलक्या रानात थोडं कमी भागतं, चिकट काळ्या मातीत जास्त लागतं. फरक किती पडतो तेही वहीत मांडून बघा. ताशी ३ किलोमीटर चालीने, वळणं आणि एकावर एक येणारे पट्टे वजा जाता, ४ फुटी रोटाव्हेटर ३ एकर साधारण सव्वाचार तासांत उरकतो आणि ५ फुटी साडेतीन तासांच्या आत. पाऊण तास वाचतो. तेवढ्यासाठी १० एचपी जास्त घ्यायचे का, ज्याचं त्याने ठरवावं.

एचपीइतकंच, किंबहुना जास्तच, वजन बघा. नांगर ओढायचा तर चाकाला जमिनीची पकड हवी, आणि ती वजनाने येते. हलका ट्रॅक्टर पुरेशी ताकद असूनही जागच्या जागी चाकं फिरवत बसतो. पण तेच वजन ओल्या रानात माती दाबून टाकतं आणि मुळांची वाट बंद करतं. म्हणून मूळ ट्रॅक्टर मध्यम वजनाचा घ्यावा आणि गरजेपुरती वजनं चढवावीत, काम झालं की उतरवावीत. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर कमी वजनातही पकड बरी मिळते. उतार किंवा ओल असेल तर मी ते घेईनच.

लिफ्टच्या, म्हणजे मागचं अवजार उचलण्याच्या, क्षमतेत एक मेख आहे. माहितीपत्रकातला आकडा कुठे मोजलाय ते विचारा. लिंकेजच्या, म्हणजे अवजार जोडायच्या दांड्यांच्या, टोकाला मोजला तर मोठा दिसतो, त्या टोकापासून ६१० मिलिमीटर मागे मोजला तर कमी, आणि अवजाराचा भार मागेच असतो. अवजार उचललेलं असताना पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान २० टक्के भार राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जाते. जुनी अवजारं घरात असतील तर त्यांच्या जोडणीच्या पिना मोजून न्या, जोडणीच्या मापाला कॅटेगरी म्हणतात: कॅटेगरी एकच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, दोनच्या २८ च्या. पीटीओचा वेगही जुळवा. लहान अवजारं बहुतेक मिनिटाला ५४० फेऱ्यांची असतात.

ट्रॉली लावणार असाल तर भरलेली ट्रॉली ओढण्याचा नाही, उतारावर थांबवण्याचा विचार करा. तिथे ट्रॅक्टरचं वजन आणि ब्रेक कामाला येतात, एचपी नाही. फवारणी किंवा रोपलावणी करायची तर सगळ्यात खालच्या गिअरमध्ये, पीटीओ पूर्ण फिरत असताना, ट्रॅक्टर किती हळू चालतो ते विचारा.

इतकं झालं की वहीत एखाद-दोनच मॉडेलं उरतात. ती रानावर मागवा. कोरड्या अंगणातली चक्कर काही सांगत नाही. तुमचंच अवजार लावून, सगळ्यात कठीण पट्ट्यात अर्धा तास चालवू द्या म्हणावं आणि टोकाला एका दमात वळतो का तेवढं बघा.