लीकचं बी घालताय? या चुका टाळा

लीक म्हणजे कांद्याच्या कुळातली, पांढऱ्या दांड्याची भाजी. "इंदुरात लीक होत नाही" हे इतक्या लोकांनी ऐकवलंय की आता मी वाद घालत नाही. फक्त विचारते, बी कधी घातलं होतं? उत्तर ठरलेलं: फेब्रुवारीत. का? पाकिटावर लिहिलं होतं म्हणून.

पाकीट खोटं बोलत नाही, ते इंग्लंडसाठी छापलेलं असतं इतकंच. तिकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर कडाका असतो, म्हणून लोक घरात खिडकीपाशी बी रुजवतात. मे-जूनमध्ये रोपं बाहेर लावतात आणि 20-22 अंशांच्या उन्हाळ्यात ती निवांत वाढतात. आपल्याकडे तसं हवामान कधी असतं? डिसेंबर-जानेवारीत, दुपारी 26 च्या आसपास आणि रात्री 10-11. त्यांचा उन्हाळा तो आपला हिवाळा. हे एकदा लक्षात आलं की महिन्याचा घोळ उरतच नाही.

लोकमान्य नगरातल्या एका काकांचा किस्सा सांगते. भाच्यानं लंडनहून बी आणलं. काकांनी फेब्रुवारीत पेरलं, आणि खरं सांगायचं तर उगवलंही छान. मी म्हटलं, "काका, एप्रिलात काय करणार?" "अगं, पाकिटावर स्पष्ट लिहिलंय!" एप्रिलात पारा चाळिशीला टेकला. मग हिरवी जाळी आली, दुपारी पाण्याचा फवारा आला, एक दिवस तर कुंड्या थेट बैठकीत कूलरसमोर. काकू काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा बोलत होता. मे संपायच्या आत सगळी रोपं शेंड्याकडून पिवळी पडून वाळली.

गोष्ट इथे संपत नाही. उरलेलं बी काकांनी कात्रीनं कापलेल्या त्याच पाकिटात, स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवलं. उन्हाळा गेला, पावसाळ्याची दमट हवा त्यानं खाल्ली, आणि दसऱ्याला काकांनी तेच पुन्हा पेरलं. या वेळी महिना बरोबर होता, पण उगवली जेमतेम चार-पाच रोपं.

ही दुसरी चूक, आणि माझ्या मते जास्त महागाची. कांद्याच्या कुळातलं बी फार टिकत नाही. नीट ठेवलं तर एक वर्ष, फार तर दोन. उघड्यावर आपल्या उकाड्यात तेवढंही नाही. मी बी घट्ट झाकणाच्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसकट फ्रिजमध्ये ठेवते. पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळायच्या. आठ-दहा दिवसांत निम्म्या तरी मोडावल्या नाहीत तर नवं बी आणायचं. पॅकिंगची तारीख नसलेली सुटी पुडी कितीही स्वस्त असली तरी मी घेत नाही. जात निवडताना लवकर तयार होणारी घ्या, उदाहरणार्थ किंग रिचर्ड. मसलबर्ग थंड देशांतल्या लांब हंगामासाठी आहे. आपली थंडी तेवढा वेळ देत नाही.

मग पेरायचं कधी? अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, निघाले की मी डबी बाहेर काढते. सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, यात बी मातीत गेलं पाहिजे. तेव्हा एखादी सर येतेच, म्हणून ट्रे छपराखाली. ऑक्टोबरचं ऊनही कमी नसतं आणि 30 अंशांच्या वर हे बी रुजायला कुरकुर करतं, म्हणून उगवेपर्यंत सावली आणि वर ओलं गोणपाट. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढायचं. "उद्या काढू" म्हणणाऱ्यांची रोपं लांबुडकी होऊन आडवी पडतात.

बी सेंटिमीटरभरापेक्षा खोल नको. निव्वळ काळ्या मातीत तर पेरूच नका, तिची खपली धरते. मी निम्मं कोकोपीट, निम्मं चाळलेलं गांडूळखत आणि मूठभर वाळू घेते.

घरच्या कंपोस्टबद्दल मात्र बोलायलाच हवं. इंदूर स्वच्छतेत पहिलं आलं तसं गच्चीगच्चीवर ओल्या कचऱ्याचं खत व्हायला लागलं, चांगलंच आहे. पण ज्यात अजून भाजीचे देठ ओळखू येतात ते खत नव्हे. असलं अर्धकच्चं रोपांच्या ट्रेमध्ये घातलं आणि वर रोज संध्याकाळी पाणी ओतलं की रोपं जमिनीलगत गळून पडतात. पाणी सकाळी द्या, तेही बोट घालून बघून.

आता अधीर मंडळींकडे वळू. तीन आठवड्यांत लीक म्हणजे नुसतं गवत दिसतं. इतक्यातच लोक "वाढत नाहीये" म्हणून युरिया टाकतात किंवा सरळ मोठ्या कुंडीत लावून मोकळे होतात. आठ ते दहा आठवडे थांबा. रोप पेन्सिलीच्या जवळपास जाड झालं की मगच हलवायचं, म्हणजे डिसेंबरात. पाती लोळायला लागली तर शेंडे कात्रीनं छाटते. सगळे छाटतात असं नाही, मला बरं पडतं.

लावताना झाडूच्या जुन्या दांड्यानं साधारण 15 सेंटिमीटर खोल भोक पाडायचं. त्यात रोप सोडायचं आणि माती न लोटता नुसतं पाणी भरायचं. पाण्याबरोबर बसेल तेवढी माती पुरे. लीकला कांद्यासारखा गड्डा धरत नाही. आपण खातो तो पांढरा दांडा, आणि तो अंधारात राहिला तरच पांढरा होतो. वरवर लावलेलं लीक म्हणजे हिरवी, चिवट पात. गच्चीवर मी ग्रो बॅग अर्धीच भरते, कडा खाली दुमडते आणि रोप वाढेल तशी माती चढवत जाते. दोन रोपांत वीतभर अंतर.

फेब्रुवारी सरता सरता फुलकिडे येतात, पातीवर चंदेरी चट्टे दिसतात. निंबोळी अर्क संध्याकाळी, पातीच्या बेचक्यात. मधून डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, निघाला तर ते लीक लगेच उपटून सूपमध्ये. थांबलात तर मधला दांडा लाकडासारखा होतो.

आणि मनगटाएवढं जाड व्हायची वाट बघू नका. अंगठ्यापेक्षा थोडं जाड झालं की मार्चच्या मध्यापर्यंत काढून घ्या. आदल्या दिवशी पाणी द्या, बाजूनं खुरपी घाला, मगच उपसा. कोरड्या काळ्या मातीतून ओढलंत तर पांढरा भाग आत राहतो आणि हातात पात येते.