बंदा रुपया हातात आला की या चुका टाळा

दिवाळी सरली की दरवर्षी तेच होतं. लक्ष्मीपूजनातला राणी छाप रुपया लखलखीत घासून कोणीतरी आणतं आणि विचारतं, "काका, याचे किती येतील?" घासण्याआधी विचारलं असतं, तर बरेच आले असते.

नाणं घासू नका. चिंच, रिठा, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, सोनाराकडचं पॉलिश, काहीच नको. सदाशिव पेठेतल्या एका घरात 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया होता. त्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली आणि 1912 पासून हत्ती नव्याने कोरला. त्यामुळे 1911 च्या चांगल्या नाण्याला मागणी असते. फोटोत ते नाणं करडं, कडेला निळसर-जांभळट दिसत होतं. "आहे तसं आणा," असं मी दोनदा बजावलं. तरी घरातल्या मुलाने आणण्याआधी ते टूथपेस्टने चोळलं. दिव्याखाली तिरपं धरलं, तर हत्तीपासून मुकुटापर्यंत बारीक ओरखड्यांचं जाळं! टाकसाळीतून आलेल्या न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे गोल फिरतात. ते एकदा गेले की कोणताही कारागीर परत आणू शकत नाही. काळपट थर हा मळ नाही, तो चांदीवर वर्षानुवर्षं सावकाश धरलेला असतो. माझी सवय एवढीच: हळदीकुंकू चिकटलं असेल तर नाणं डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवतो, चिकटपणा हटला नाही तर शुद्ध अ‍ॅसिटोन वापरतो, आणि मऊ सुती कापडाने नुसतं टिपून घेतो. पुसत नाही.

दुसरी चूक म्हणजे काटा न लावता सौदा करणं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरताना खिशात छोटा डिजिटल काटा असावाच. इंग्रजी अमलातला रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा. वापराने थोडी झीज धरा, पण दहा ग्रॅमच्या आसपास भरला तर घेऊ नका, पुढे चला. दगडावर आपटून खणखण ऐकणारे नाण्याची कड चेपवतात, आणि त्यातून कळतं फार थोडं.

मात्र वजनावरच विसंबू नका. 1940 ते 1945 च्या रुपयाचं वजन तेवढंच, पण चांदी निम्मीच, आधीच्या रुपयात 91.67 टक्के. 1939 चा रुपया दुर्मीळ, म्हणून 1938 च्या शेवटच्या आकड्यावर कोरकाम करून तो विकला जातो. भिंगाखाली आकड्याभोवतीची पाटी, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, खरवडलेली दिसते. घाईघाईत घेणाऱ्याला ती दिसत नाही, कारण तो भाव ऐकूनच हुरळलेला असतो.

1862 लिहिलेला प्रत्येक रुपया 1862 चा नाही. तीच तारीख पुढे बरीच वर्षं छापली गेली. मुंबईच्या टाकसाळीच्या नाण्यावर ठिपके मोजा, त्यावरून खरं वर्ष कळतं.

कधी माळेत ओवलेल्या रुपयाची कडी काढून तो विकायला ठेवलेला असतो. वरची कड बोट फिरवून पाहा, कडी जोडल्याचा डाख लागतो.

पीव्हीसी प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात ठेवू नका, हिरवा चिकट थर येतो.

प्रतीबद्दल, म्हणजे नाणं किती झिजलंय याबद्दल, बोलायचं तर नवशिक्यांना प्रत्येक नाणं एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन, अगदी कमी झिजलेलं) वाटतं. ट्यूबलाइटखाली प्रत ठरवू नका. एकच पिवळा दिवा, दहापटीचं भिंग, आणि राणीच्या कानावरचे केस, मुकुटातले खडे, खांद्यावरचं नक्षीकाम पाहा. झीज तिथे आधी दिसते.

मराठेशाहीतल्या पुण्याच्या अंकुशी रुपयाला मात्र हा नियम लावू नका. त्यावर मुघल बादशहाच्या नावाचा फारसी मजकूर असतो, म्हणून अनेकजण तो मुघल समजून स्वस्तात देऊन टाकतात. हत्ती हाकायच्या अंकुशाची खूण शोधा. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे अक्षरं कडेला तुटलेली दिसणारच. त्याला झिजलेलं म्हणून भाव पाडणाऱ्याला मी विकत नाही.